भाडं १९४० चं, भांडण आजचं

पत्र

सप्रेम नमस्कार. सासऱ्यांच्या माघारी गिरगावातली आमची जुनी इमारत माझ्याकडे आली. अकरा भाडेकरू आहेत, बहुतेक पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जागा घेतलेले. काहींची तिसरी पिढी तिथे नांदते आहे. भाडं महिन्याला शंभर-सव्वाशे. गेल्या पावसाळ्यात जिन्याचा कठडा सुटला, तो बसवायला सगळ्यांचं मिळून वर्षाचं भाडं पुरलं नाही. माझे वडील १९६६ मध्ये रेशनिंग खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. हा भाड्याचा कायदा दुसऱ्या महायुद्धातला आहे असं त्यानं कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून रोज रात्री जेवताना वाद. मुलगा म्हणतो, "युद्धाचं निमित्त करून सरकार घरात घुसलं ते बाहेर पडलंच नाही. सरकारनं सीमा सांभाळावी, बाकी सोडून द्यावं." वडील म्हणतात, "सरकार मध्ये पडलं नसतं तर तुझा पणजोबा भुकेनं गेला असता." मागच्या आठवड्यात मुलगा त्यांना म्हणाला, "तुम्ही जन्मभर लोकांना रांगेत उभं केलंत." तेव्हापासून वडील आपल्या खोलीत ताट घेऊन जेवतात. खरं कोणाचं? युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, मग कायदा का संपत नाही? आणि इमारतीचं मी काय करू?

— एक वाचक, गिरगाव

उत्तर

ताई,

धान्याच्या बाबतीत तुमच्या वडिलांचं खरं आहे आणि भाड्याच्या बाबतीत तुमच्या मुलाचं. दोघांची समजूत काढायची म्हणून हे म्हणत नाही. रेशन आणि भाडेनियंत्रण हे दोन्ही अधिकार सरकारनं एकाच युद्धात घेतले, टंचाईतच घेतले आणि तात्पुरते म्हणूनच घेतले. पुढे रेशनची पुन्हा पुन्हा झाडाझडती झाली, भाड्याची कित्येक दशकं झालीच नाही. तुमच्या घरातलं भांडण त्या फरकामुळे आहे, म्हणून जरा मागे जाऊन सांगते.

सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटन जर्मनीविरुद्ध युद्धात उतरलं आणि व्हाइसरॉयनं इथल्या कोणालाही न विचारता भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात भारत संरक्षण कायदा झाला. त्याखालच्या ८१ क्रमांकाच्या नियमानं मालाचं उत्पादन, वाहतूक, साठा, विक्री आणि किंमत यांवर हुकूम काढायची मुभा सरकारला मिळाली. तोवर हिंदुस्थान सरकार म्हणजे शेतसारा, जकात, फौज, रेल्वे, कालवे आणि कोर्टकचेऱ्या. वाण्याच्या दुकानात गव्हाची किती पोती आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पाच-सहा वर्षांत तेच सरकार गहू, तांदूळ, साखर, रॉकेल, कापड, परकी चलन, यंत्रांची आयात, इतकंच काय पण नव्या कंपनीनं शेअर विकावेत की नाही, इथपर्यंत येऊन पोचलं.

हे का झालं, ते मुलाला नीट सांगा, कारण मुद्दा त्याच्या बाजूचा आहे. ब्रिटनसाठी इथे जो खर्च होई त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत आणि त्यांच्या आधारावर इथे रिझर्व्ह बँक नोटा काढी. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा पाच पटींहून जास्त झाल्या. बाजारात माल काही त्या मानानं वाढला नाही, त्यातलाही बराच फौजेकडे गेला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तिथला तांदूळ बंद झाला. म्हणजे भाव भडकवण्यात सरकारच्याच खर्चाचा मोठा हात होता, आणि ते भाव आवरायला त्याच सरकारनं आणखी अधिकार घेतले.

आता वडिलांची बाजू. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. मुंबई शहर तेव्हाही बाहेरून येणाऱ्या धान्यावर जगत होतं, आणि ब्रह्मदेशचा तांदूळ इथेही खाल्ला जाई. धोका खराखुरा होता. त्याच वर्षी बंगालमध्ये काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. सुमारे तीस लाख माणसं उपासमारीनं आणि त्यापाठोपाठच्या रोगराईनं गेली असा अंदाज आहे. तिथे तांदूळ मुळीच नव्हता असं नाही. ज्यांच्या हाती पैसा नव्हता त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही. सरकारनंही आधीच जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतल्या होत्या, त्यामुळे कोळ्यांचा आणि लहान व्यापाऱ्यांचा धंदा बसला होता. कलकत्त्यात पूर्ण रेशनिंग सुरू व्हायला १९४४ साल उजाडलं. मुंबईत तसा दुष्काळ झाला नाही, आणि त्यात कार्डावर माणसागणिक मोजून दिलेल्या धान्याचा मोठा वाटा आहे. "तुझा पणजोबा भुकेनं गेला असता" हे तुमच्या वडिलांचं बोलणं रागाच्या भरातलं असेल, पण पोकळ नाही.

"बाहेर पडलंच नाही" हे मुलाचं म्हणणं मात्र धान्याला लागू होत नाही. १९४६ च्या सप्टेंबरअखेर युद्धकाळातले नियम संपले. टंचाई संपली नव्हती, म्हणून ‘तात्पुरते अधिकार’ हे शब्द नावातच असलेला अत्यावश्यक पुरवठा कायदा आला. गांधीजींना ही नियंत्रणं नको होती. नियंत्रणांमुळे लोक परावलंबी होतात आणि लबाडी वाढते, असं ते प्रार्थनासभांतून सांगत राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये सरकारनं त्यांचं ऐकून नियंत्रणं उठवायला घेतली. भाव इतके चढले की १९४८ चा पावसाळा सरतो तोच ती परत बसवावी लागली. पुढे रफी अहमद किडवई अन्नमंत्री झाले. पीकपाणी बरं आलं, त्यांनी एकेक बंधन सैल केलं आणि १९५४ पर्यंत रेशनिंग जवळपास सगळीकडे उठलं. सरकार बाहेर पडलं होतं ते असं. मात्र १९५५ मध्ये तात्पुरत्या कायद्याच्या जागी कायमचा जीवनावश्यक वस्तू कायदा झाला. अधिकार वापरात नसला तरी पुस्तकात राहिला. पुढे गव्हाच्या नाहीतर डाळीच्या साठ्यावर मर्यादा घातल्याची बातमी आली की तिच्या मुळाशी हाच कायदा असतो. २०२० मध्ये केंद्रानं त्यातला साठ्याचा अधिकार बराच आखडता घेतला होता. शेतकरी आंदोलनानंतर २०२१ मध्ये तो बदलच रद्द झाला आणि जुना कायदा पूर्वीसारखा उभा राहिला.

वडील नोकरीला लागले ते साल आठवा. १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध नुकतंच झालेलं, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, अमेरिकेतून पीएल-४८० या तिथल्या अन्नमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या गव्हाच्या बोटींवर देशाचे डोळे लागलेले. अन्न महामंडळ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. १९७२ च्या दुष्काळात ज्या पिढीनं रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खाल्ला, तिच्या कार्डावर शिक्का मारणाऱ्या टेबलापलीकडे तुमच्या वडिलांसारखी माणसं बसलेली होती. रांग त्यांनी निर्माण केली नव्हती. ती टंचाईनं लावली होती. टंचाईत रांग नसते तेव्हा ज्याच्या हाती पैसा किंवा मनगटात जोर तो आधी घेतो, आणि म्हातारी माणसं, विधवा, हातावर पोट असणारे मागे राहतात. तुमच्या मुलानं ते वाक्य बोलायला नको होतं. त्यानं आजोबांची माफी मागावी असं मी स्पष्ट सांगते. कायद्यावरचा वाद नंतर कितीही चालू दे.

रेशनची झाडाझडती झाली म्हणते ती अशी : १९४७ मध्ये उठवून पाहिलं, १९४८ मध्ये परत आणलं, १९५४ मध्ये पुन्हा उठवलं, साठच्या दशकात परत बांधलं, १९९७ मध्ये गरिबांपुरतं स्वस्त केलं, २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायद्यानं हक्क म्हणून लिहून दिलं. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत सुमारे ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळालं. ती जादा मदत २०२२ च्या अखेरीस थांबली, पण नेहमीचं स्वस्त धान्यच तेव्हापासून फुकट झालं आणि २०२४ पासून आणखी पाच वर्षं फुकट राहील असं ठरलं. हेही संकटात दिलेलं आणि मागे राहिलेलंच. बरं की वाईट यावर मतं असतील. निदान प्रत्येक वेळी कोणीतरी उभं राहून "हे अजून हवं का" असं विचारलं, आणि उत्तर लोकांसमोर दिलं गेलं.

आता तुमच्या इमारतीकडे येऊ.

भाड्यावर बंधन घालणारा मुंबईतला पहिला कायदा १९१८ चा, म्हणजे पहिल्या महायुद्धातला. युद्धामुळे बांधकाम थांबलं होतं, माणसं शहरात लोटत होती, घरमालक मनाला येईल ते भाडं सांगत होते. तो कायदा १९२० चं दशक संपायच्या आत गेलाही. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण संकटातला अधिकार कधीच सुटत नाही असं जे म्हणतात त्यांना आपल्याच शहरानं दिलेलं हे उत्तर आहे. १९३९ मध्ये युद्ध आलं तसं बंधनही परत आलं. पुढे फाळणी झाली, निर्वासित आले, घरांची मारामार आणखी वाढली. म्हणून १९४७ मध्ये मुंबईचा मोठा भाडेनियंत्रण कायदा झाला. त्यानं ‘प्रमाण भाडं’ ठरवलं : १ सप्टेंबर १९४० रोजी जी जागा ज्या भाड्यानं दिली होती ते तिचं भाडं. हा कायदाही ठरावीक मुदतीचाच होता. त्या काळी तो अन्यायाचा होता असं मला वाटत नाही. लाखभर कुटुंबं रस्त्यावर येऊ शकली असती.

चूक पुढे झाली. मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवी. थोडी थोडी, पण दर वेळी. भाड्याचा आकडा मात्र १९४० लाच खिळलेला. भाडेकरू लाखोंनी, घरमालक हजारांनी, त्यामुळे कोणताही पक्ष हात लावायला धजला नाही. पुराचं पाणी ओसरतं तेव्हा मागे गाळ राहतो, आणि एकदा त्या गाळात कोणी पेरणी केली की तो उपसायचा म्हणजे उभं पीक उपटायचं. भाडेकरूंनी त्या भाड्याच्या भरवशावर मुलांची शिक्षणं केली, लग्नं केली, पागडी देऊन-घेऊन व्यवहार केले. त्यांना दोष देता येत नाही. कायदा मागे राहण्याचं खरं कारण हेच असतं. खुर्चीवरच्या माणसाला सत्ता सोडवत नाही हे थोडं खरं आहे, पण त्याहून जास्त खरं हे, की त्या अधिकाराभोवती सामान्य माणसांचे संसार उभे राहिलेले असतात.

आणि न तपासलेला एक अधिकार दुसऱ्याला जन्म देतो. भाड्यात दुरुस्ती परवडेना म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली. इमारती कोसळू लागल्या, माणसं दगावली. मग १९६९ च्या कायद्यानं सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं, त्यासाठी उपकर बसवला. ते मंडळ पुढे म्हाडात गेलं. तेवढ्यानं भागेना म्हणून १९८६ मध्ये अशा इमारती सरकारनं संपादन करून भाडेकरूंच्या संस्थेला द्यायची तरतूद झाली. मालक कोर्टात गेले. त्या खटल्यातून निघालेला प्रश्न, म्हणजे खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानायची का, नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बहुमतानं निकाल आला की प्रत्येक खासगी मालमत्ता तशी मानता येणार नाही. युद्धातल्या एका तात्पुरत्या बंधनाचे धागे इथपर्यंत येतात.

मध्यंतरी, १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं होतं की भाडं १९४० च्या आकड्यावर गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झालं आहे. एके काळी योग्य असलेला कायदा परिस्थिती बदलल्यावर अयोग्य ठरू शकतो, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण शंभरावर चार टक्के म्हणजे चार रुपये. पन्नास-साठ वर्षं साचलेलं अंतर त्यानं भरत नाही, आणि म्हणून तुमच्या मुलाचा राग मला रास्त वाटतो.

त्याच्या रागाला आणखी आधार हवा असेल तर तोही देते. लायसन्स-परमिटचं राज्य स्वातंत्र्यानंतर आणलं गेलं असं त्याची पिढी समजते. त्यातला मोठा भाग युद्धातच तयार होता. आयातीवरचं नियंत्रण १९४० मध्ये सुरू झालं. परकी चलनावरचं १९३९ मध्ये. कंपन्यांच्या भांडवलावरचं १९४३ मध्ये आलं, १९४७ मध्ये ‘नियंत्रण चालू ठेवण्याचा’ कायदा होऊन पक्कं झालं, आणि ते थेट १९९२ मध्ये गेलं. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी. गावोगावचे सोनार बसल्या जागी बेकार झाले, पिढीजात हात सोडून मिळेल त्या कामाला गेले. चीनशी लढाई महिनाभराची होती, सोन्याचा कायदा जायला १९९० साल यावं लागलं. त्या सोनारांचं नुकसान कोणी मोजलं नाही, आणि आजही त्याबद्दल वाचताना मला चीड येते.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत १९२९ मध्ये केंद्र सरकारचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता. मग महामंदी आली. हजारो बँका बुडाल्या, चारातला एक कामगार बेकार झाला. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांत त्यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवायचा हुकूम काढला. त्यासाठी आधार घेतला तो १९१७ च्या, शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी केलेल्या कायद्याचा. पहिल्या युद्धातलं हत्यार मंदीत वापरलं गेलं ते असं. नंतर बँकेतल्या ठेवींचा विमा आला, १९३५ मध्ये वृद्धांचं पेन्शन आलं. दशकाच्या अखेरीस खर्च दहा टक्क्यांच्या घरात होता आणि दुसऱ्या युद्धात चाळीसच्या वर गेला. शांतता आल्यावर तो खूप उतरला, पण तीनवर कधीच परत गेला नाही. त्यातलंही सगळं टिकलं नाही. मंदीत रस्ते आणि शाळा बांधून रोजगार देणारं मोठं खातं १९४३ मध्ये बंद झालं, युद्धातलं भावनियंत्रणाचं कार्यालय १९४७ मध्ये. कारण एकाची गरज युद्धानं संपवली आणि दुसऱ्याला लोक कंटाळले होते. ठेवींचा विमा आणि पेन्शन टिकलं, कारण ते काढून घेतलं तर कोणाचं काय होईल हे प्रत्येक घराला कळत होतं. मात्र १९३३ मध्ये जाहीर केलेली आणीबाणी कागदावर तशीच चालू होती हे तिथल्या सिनेटच्या समितीच्या लक्षात यायला १९७३ उजाडलं. चाळीस वर्षं कोणी पाहिलंच नव्हतं!

आपल्याकडे याहून गंभीर घडलं. बांगलादेश युद्धाच्या वेळी ३ डिसेंबर १९७१ ला पुकारलेली आणीबाणी युद्ध पंधरवड्यात संपल्यावरही उठवली नाही. जून १९७५ मध्ये दुसरी पुकारली गेली तेव्हा पहिली चालूच होती. दोन्ही मार्च १९७७ मध्येच उठल्या. त्या अनुभवातून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं दंडक घातला : महिन्याच्या आत संसदेची मंजुरी, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी. विचारलं नाही तर आणीबाणी आपोआप संपेल. मला विचाराल तर, संकटात घेतलेल्या प्रत्येक अधिकाराला असाच दंडक हवा. अधिकार घेणं चूक नाही. तो चालू ठेवायचा असेल तर सरकारनं पुन्हा येऊन लोकांना कारण सांगावं. भाड्याच्या कायद्याची मुदतही वाढवलीच जात होती हे खरं, पण वाढवताना १९४० चा आकडा अजून योग्य आहे का हे कोणी उघडून पाहिलं नाही. नुसती मुदतवाढ म्हणजे झाडाझडती नव्हे.

"सरकारनं सीमा सांभाळावी, बाकी सोडून द्यावं" असं म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या पगाराची स्लिप उघडायला सांगा. त्यात दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. ७२ च्या दुष्काळात एका टप्प्यावर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत, नालाबांध घालत होती. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना अशी, की मागेल त्याला काम मिळणं ही मेहेरबानी न राहता हक्क व्हावा. तसा कायदा राज्यानं केला आणि २००५ मध्ये केंद्रानं त्याच वाटेनं देशभराचा कायदा केला. दुष्काळ संपल्यावर ही हमी काढून घ्यायला हवी होती का, हे मुलाला विचारा. त्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी चालेल, पण त्यानं ते पगारातल्या त्या दोनशे रुपयांकडे आणि खडी फोडणाऱ्या त्या माणसांकडे एकदम बघून द्यावं.

आणि वडिलांनाही एक विचारा. त्यांच्या पेन्शनमध्ये महागाई भत्ता मिळतो. मुंबईच्या गिरण्यांत त्यासाठी मार्च १९४० मध्ये मोठा संप झाला होता. युद्धातल्या महागाईपुरती केलेली ती मागणी पुढे पगाराचा कायमचा भाग झाली, आणि आता वर्षातून दोनदा आकडा बघून भत्ता बदलतो. महागाईप्रमाणे त्यांचं पेन्शन बदलतं, मग इमारतीचं भाडं का नाही? हा प्रश्न नातवाऐवजी तुम्ही विचारलात तर ते शांतपणे ऐकतील. ज्या खात्यानं वेळोवेळी कार्डं तपासली, बोगस नावं काढली, त्या खात्यातल्या माणसाला तपासणीचं महत्त्व वेगळं समजवावं लागणार नाही.

आता इमारत. रागाच्या भरात बिल्डरला विकू नका. आधी कागद गोळा करा : १९९९ च्या कायद्याप्रमाणे वाढ आजवर घेतली गेली का, भाड्याच्या पावत्या कोणाकोणाच्या नावानं आहेत, मालमत्ता कराची बाकी किती, आणि इमारत उपकरप्राप्त, म्हणजे तो दुरुस्तीचा उपकर लागू असलेली, आहे का. गिरगावातल्या जुन्या इमारती बहुधा असतातच. तशी असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करता येतो, आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली मालक आणि भाडेकरूंनी मिळून पुनर्विकास करता येतो. त्यात भाडेकरूंना मालकीची जागा मिळते आणि मालकालाही वाटा मिळतो. संमती लागते, म्हणून पहिली बैठक भाडेकरूंबरोबर घ्या, बिल्डरबरोबर नंतर. त्यांना तुमचा हिशेब उघडा दाखवा : वर्षाचं भाडं इतकं, कर इतका, दुरुस्ती इतकी. ते तुमचे शत्रू नाहीत. त्यांच्या छपराचं भवितव्यही याच इमारतीत अडकलेलं आहे, आणि गळती त्यांच्या खोलीत तुमच्याआधी होते.

बैठकीआधी भाडेकायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. जुन्या पावत्या सालवार लावून द्यायचं काम वडिलांना सांगा, असल्या कामात त्यांचा हात बसलेला आहे. वकिलाकडे जाताना मुलाला बरोबर न्या. हिशेबाचा तक्ता त्याच्याकडून करून घ्या आणि १९४० पासूनचा एक रकाना त्यात ठेवायला सांगा. तो भरायला त्याला आजोबांनाच विचारावं लागेल.